सासरचं पाणी

लग्न ठरलेल्या मुलीला आपल्याकडे दोन तऱ्हेची माणसं भेटतात. एक तिला पाटावर बसवून आग्रह करकरून वाढणारी आणि दुसरी 'आता जरा बेतानं हं' असं बजावणारी. पुष्कळदा ही दोन्ही कामं एकच बाई करते. माझी थोरली बहीण सध्या करते आहे. तिच्या लेकीचं लग्न वैशाखात आहे. सकाळी ताई लेकीच्या ताटातली दुसरी पोळी उचलून डब्यात परत टाकते आणि संध्याकाळी चुलतसासूबाईंकडे केळवणाला निघताना तिलाच सांगते, "तिथे नाही म्हणू नकोस बाई, धाकट्या आजी मनाला लावून घेतात."

केळवण मला मनापासून आवडतं. ज्या घरात परकरात असताना गुडघा फोडून घेऊन रडत गेलो, त्याच घरात एके दिवशी आपल्या ताटाभोवती रांगोळी निघते, समई लागते, औक्षण होतं, निघताना ओटीत खण-नारळ पडतो. मुलगी आता जाणार हे उघड बोलून न दाखवता सगळी आळी तिला जेवू घालते. पण बेत बघा. पहिल्या घरी श्रीखंड-पुरी, दुसऱ्या घरी बासुंदी, तिसरीकडे पुरणपोळी आणि चौथीकडे, 'हे सगळं तुझं झालंच असेल' म्हणून, मुद्दाम बाहेरून आणवलेली रसमलाई. भाजी-भाकरीचं केळवण मी आजवर पाहिलेलं नाही. त्याच सुमाराला पत्रिका वाटणं सुरू असतं, म्हणजे दर घरी चहा. 'अर्धा कप तरी घे' या वाक्याला मराठीत उत्तर नाही.

याच्या दुसऱ्या टोकाला मोबाइलवर आलेला तक्ता. उठल्यावर जिऱ्याचं पाणी, अकरा वाजता काकडी, दुपारी एक फुलका, रात्री नुसतं सूप. भाचीनं तो फ्रिजवर चिकटवलाय. जिऱ्याच्या पाण्याचा मला राग नाही, ते निरुपद्रवी आहे. त्याच्यामागून काहीच येत नाही, याचा आहे. तर अशा मुलीच्या आठवड्यात एक तर दिवाळी असते नाही तर एकादशी. साधा वार येतच नाही. तिकडे शिंपी विचारतो, "ब्लाऊजचं माप आत्ताचं घेऊ की बारीक झाल्यानंतरचं?" आणि आतून चांगली दोन बोटं शिलाई ठेवतो. या सगळ्या प्रकारात अनुभवी माणूस तोच दिसतो.

इतक्या धावपळीचं उद्दिष्ट एकच सांगितलं जातं: लग्नात चेहरा तजेलदार दिसावा, केस दाट दिसावेत. उद्दिष्टात काही वाईट नाही. नटणं हा मुलीचा हक्क आहे आणि ज्यांना तो उथळपणा वाटतो त्यांनी स्वतःच्या लग्नाचा आल्बम एकदा काढून बघावा. अडचण एवढीच की शरीराला मुहूर्त कळत नाही. त्याचं पंचांग वेगळं आहे.

केसांचंच घ्या. डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, फार तर किंचित जास्त. भाचीची वेणी कमरेपर्यंत येते, म्हणजे सत्तर सेंटिमीटर तरी धरा. याचा अर्थ त्या वेणीचं टोक पाच-सहा वर्षांपूर्वी डोक्यातून बाहेर पडलं, ती हॉस्टेलवर होती आणि मेसमधलं पातळ वरण व परीक्षेच्या रात्रीचे वडापाव यांवर जगत होती तेव्हा. गजरा जिथे माळला जाईल तो भाग नोकरीच्या पहिल्या वर्षांतला. आणि गेल्या पंधरवड्यात खाल्लेल्या बदामांचा केस अर्धा सेंटिमीटरसुद्धा नाही. तो भांगात कुंकवाखाली झाकला जाईल. बाहेर आलेला केस निर्जीव असतो. त्याला तेल लावता येतं, चमकवता येतं, जेवू घालता येत नाही. जेवू घालायचं ते मुळाला, आणि त्याचं फळ पुढच्या वर्षी दिसणार.

त्वचा त्या मानानं लवकर हिशेब देते. तिचा वरचा थर तळातून तयार होत वर सरकतो आणि झडतो, त्याला तरुण वयात साधारण चार आठवडे लागतात. आपल्या जुन्या वैद्यांनी हे त्यांच्या भाषेत मांडलंय. आयुर्वेदात अन्नाचा आधी रस होतो, मग रक्त, मांस, मेद, अस्थी असं पुढे पुढे पोषण जातं. कांतीचा संबंध पहिल्या धातूशी, रसाशी. चरकसंहितेतल्या 'त्वक्सार' माणसाची कातडी स्निग्ध, मऊ, प्रसन्न असते. केस आणि नखं मात्र अस्थिधातूच्या मलातून, म्हणजे पाचव्या टप्प्यावर. दोन शास्त्रांची सरमिसळ करू नये हे मला मान्य आहे. तरी केसांचा नंबर उशिरा लागतो, हे दोन्हीकडच्या लोकांना आपापल्या वाटेनं दिसलं, याची मौज वाटतेच.

आता खरी गोष्ट. डोक्यावर लाखभर केस असतात. त्यातले बहुतेक वाढत असतात, थोडे विश्रांतीला गेलेले असतात, आणि रोज पन्नास ते शंभर गळणं हे नेहमीचंच. पण शरीरावर एकदम संकट आलं, मोठा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया किंवा झपाट्यानं घटवलेलं वजन, की खूपसे केस एकाच वेळी वाढ थांबवून विश्रांतीच्या अवस्थेत जातात. लगेच गळत नाहीत. दोन-तीन महिने डोक्यावर तसेच टिकून राहतात आणि मग मूठमूठ हातात येतात. कोविडनंतर घरोघरी हे पाहायला मिळालं, डेंग्यूनंतरही मिळतं. शरीराच्या दृष्टीनं केस ही चैन आहे. तुटवडा पडला की आधी हृदय, मेंदू, यकृत. केसांचं पुढे बघू.

हिशेब करा. फाल्गुन-चैत्रात मुलगी सूपावर राहिली. वैशाखात लग्न झालं, फोटो छान आले, केस जागच्या जागी होते. आषाढ लागला आणि फणीत गुंतवळ वाढायला लागलं. श्रावणात पहिली मंगळागौर, सगळ्या जणी नटूनथटून फुगड्या घालताहेत आणि नव्या सुनेचा भांग रुंदावलेला. मग तिच्या माहेरच्यांनी म्हणायचं, "पाणी मानवलं नाही हो तिला तिकडचं." सासूबाईंनी म्हणायचं, "आमचं पाणी जड आहे खरं, पण आमचे नाही कुणाचे गेले." दोन्ही घरांत थोडी कटुता येते, नळाला फिल्टर बसतो, आणि ज्यानं हे घडवलं तो फ्रिजवरचा तक्ता केव्हाच रद्दीत गेलेला असतो. क्षारांच्या पाण्यानं केस राठ होतात, नाही असं नाही. नवीन घराचा ताण असतो, झोप मोडलेली असते, तेही खरं. पण माझ्या ओळखीत 'सासरचं पाणी बाधलेल्या' जेवढ्या मुली आहेत, त्यातल्या निम्म्या तरी लग्नाआधी माहेरी उपाशी होत्या, असं माझं मत आहे. आकडा माझा, तो कुठल्या अहवालात शोधू नये. ही गळती बहुधा आपोआप थांबते, केस परत येतात. मात्र तोवर मुलगी दर पंधरा दिवसांनी नवं तेल विकत घेत असते.

उपाशी म्हणजे ताट रिकामं असं नव्हे. केस प्रथिनांचा बनतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या आणि आयसीएमआरच्या २०२० सालच्या शिफारशीनुसार माणसाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं हवीत. पन्नास किलोच्या मुलीला एकेचाळीस-बेचाळीस ग्रॅम. वाटीभर वरणातून पाच-सहा ग्रॅम मिळतात, तेही वरण घट्ट असेल तर. भाकरी, उसळ, दही, मूठभर दाणे, एखादं अंडं असं सगळं आलं तर बेरीज जमते. काकडी आणि सूप यांनी नाही जमत. केळवणाच्या ताटातही नाही, कारण तिथे डाळ असते ती साखरेच्या वजनाखाली पुरणात. अपवाद आहेत. सीकेप्यांकडचं वालाचं बिरडं, मालवणकडचा बांगडा नाही तर तारली, घाटावरची मटकीची उसळ, ही केळवणाची खरी ताटं. पाहुणीला मासे-उसळ वाढणारी घरं या बाबतीत आमच्या श्रीखंडवाल्या घरांपेक्षा शहाणी.

भाची जिमला जाते आणि तिथून तिनं एक मोठा काळा डबा आणला. प्रथिनांची पूड, चॉकलेटच्या चवीची. पूड वाईट असं मी म्हणत नाही. पण व्हे प्रोटीन सुरू केल्यावर काही जणांना मुरुमं उठतात, हे त्वचेच्या डॉक्टरांनी नोंदवलेलं आहे. भाचीला उठली. तेव्हा तिनं रागारागानं तो डबा ठेवून दिला आणि पुरी खायची पण बंद केली. गुन्हा एकाचा, शिक्षा दोघांना.

मुरुमांचं आणि खाण्याचं नातं मोठं गमतीचं आहे. आमची आजी म्हणायची, गोड आणि तेलकट खाल्लं की पुटकुळ्या येतात. मग डॉक्टर म्हणायला लागले, काही संबंध नाही. १९६९ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला होता, एका गटाला चॉकलेटची वडी, दुसऱ्याला कोकोविना तशीच वडी. मुरुमांत फरक पडला नाही. खूप वर्षं हाच दाखला दिला जाई. कोको नसलेल्या त्या वडीत साखर आणि चरबी जवळजवळ तेवढीच होती, हे नंतर लोकांनी बोट ठेवून दाखवलं. पुढे २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या संशोधकांनी मुरुमांनी बेजार झालेल्या ४३ तरुणांवर बारा आठवडे प्रयोग केला. रक्तातली साखर झरकन चढवणारे पदार्थ कमी करून ज्यांना प्रथिनं आणि कोंड्यासकट धान्य दिलं, त्यांची मुरुमं जास्त उतरली. सगळे पुरुष होते, त्यांचं वजनही घटलं होतं, म्हणून हा शेवटचा शब्द नव्हे. तरी आजीच्या वाक्यातला 'गोड' हा अर्धा भाग बराचसा खरा निघाला. आणि आपण नेमक्या त्या दोन-तीन महिन्यांत मुलीला ओळीनं बासुंदी पाजतो. इथेही काळ बघा: बारा आठवडे. पंधरवड्यात उरकण्यासारखं या विषयात काहीच नाही.

सगळ्यांत थोडक्या काळाचा प्रयोग मला सापडला तो स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठाचा. २०१२ साली तिथल्यांनी दाखवलं की फळं-भाज्या वाढवल्या तर सहा आठवड्यांत कातडीच्या रंगात किंचित पिवळसर फरक पडतो, आणि तो बघणाऱ्यांना निरोगी वाटतो. ही करामत गाजर, पपई, लाल भोपळा, पालेभाज्या यांतल्या रंगद्रव्यांची. गोऱ्या लोकांवरचा प्रयोग तो. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर तेवढं उठून दिसेलच असं नाही. पण आतून हळद लावायची ही कल्पना मला फार आवडली. हळदीच्या दिवशी वरून लावतात ती दुसऱ्या आंघोळीला उतरते.

रंगाचा विषय निघालाच आहे तर मनातलं बोलते. आपल्याकडे वधूच्या चेहऱ्याकडे बघून 'उजळलीय हं' म्हणतात, तेव्हा पुष्कळदा समोर दिसत असतो तो फिकटपणा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५७ बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. म्हणजे बोहल्यावर उभ्या राहणाऱ्या दोन मुलींपैकी एकीला तरी रक्त हवं आहे आणि आपण तिला फेशियल देतो. ब्यूटी पार्लरच्या ब्रायडल पॅकेजला पैसे मोजताना कुणाचा हात आखडत नाही. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन तपासायला सांगितलं की 'तिला काय झालंय?' अशी शंका येते. बाईला रोज २९ मिलिग्रॅम लोह लागतं, पुरुषाला १९, असं तीच २०२० ची शिफारस सांगते. घरात वाढण्याचा क्रम याच्या नेमका उलटा. सगळ्यांची पानं झाल्यावर पातेल्याच्या तळाशी जे उरेल ते बायकांचं. भाचीनं हे पाहिलंय, आईकडे आणि आजीकडे. उद्या ती तसंच वागेल याची मला जिऱ्याच्या पाण्यापेक्षा जास्त धास्ती वाटते.

वाईट याचं वाटतं की आपल्या स्वयंपाकघराला हे सगळं येतं. लग्नाच्या पंगतीतलं अळूचं फदफदं घ्या. हिरवं पान, हरभऱ्याची डाळ, दाणे, वर चिंचेचा आंबटपणा; भाजीतलं लोह अंगी लागायला कशाची तरी जोड लागते ती तिथे आपोआप आलेली. पोह्यांवर पिळलेलं लिंबू तेच काम करतं, आणि त्याच पोह्यांबरोबर घेतलेला चहा ते काम मोडून ठेवतो. मोड आणल्यानं कडधान्यातलं लोह मोकळं होतं. जवसाची चटणी, कारळ्याची चटणी, तिळाचं कूट, लोखंडी कढईतलं पिठलं, नाचणीची आंबील, आवळ्याचं लोणचं, यांतल्या कशालाही 'स्किन केअर' म्हणून कुणी आणलं नव्हतं. जेवण म्हणून होतं. नंतर लोखंडी कढईच्या जागी नॉनस्टिक आली, चटण्या मागे पडल्या आणि केमिस्टकडे बायोटिनच्या गोळ्या आल्या. बायोटिनची कमतरता मुळात फारशी कुणाला नसते. भरीला हे, की या गोळ्यांच्या मोठ्या मात्रेनं थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या काही रक्त-तपासण्या चुकीच्या येऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१७ मध्ये दिलाय. केस का गळतात हे शोधायला थायरॉइड तपासावा, तर केसांसाठी घेतलेली गोळीच त्या तपासणीत खोडा घालणार.

केसांना, हाडांना, रक्ताला जे म्हणून लागतं ते आपल्या आज्यांना ठाऊक होतं आणि त्यांनी ते एकाच बाईसाठी राखून ठेवलं: बाळंतिणीसाठी. आळीव, डिंक, खारीक, मेथ्या, खसखस, तूप. मूल झालं की त्या सव्वा महिन्यात बाईला आयतं, गरम, सगळ्यांच्या आधी ताट मिळतं. तेही खरं म्हणजे दुधासाठी, बाळासाठी. त्या आधीची वीस-पंचवीस वर्षं, वयात येताना, परीक्षा देताना, नोकरीला लोकलमधून लोंबकळताना, तिला रक्त लागत नव्हतं काय?

म्हणून या खेपेला केळवण माझ्याकडे आहे म्हटल्यावर मी श्रीखंडाला फाटा दिला. ज्वारीची भाकरी, लोण्याचा गोळा, अळूचं फदफदं, वालाचं बिरडं, गाजराची कोशिंबीर, आणि गोड म्हणून आळिवाचे लाडू. भाचीला बेत पसंत पडला. भाकरी असेल तर पोटभर खाईन म्हणाली, जे ती पुष्कळ दिवसांत कुणाला म्हणाली नव्हती. ताईनं कपाळाला हात लावला. केळवणाला भाकरी? व्याही ऐकतील तर काय म्हणतील? तेवढं मी निभावलं. पण लाडवांचं नाव निघताच आतल्या खोलीतून आई बाहेर आली.

"अगं, अजून लग्न व्हायचंय पोरीचं. आळिवाचे लाडू कसले करतेस? चार बायका बघतील, भलतंच काहीतरी समजतील."

मी म्हटलं, "आई, तिचे केस जाताहेत, रक्त कमी आलंय. समजू देत काय समजायचं ते."

आई थोडा वेळ गप्प बसली. तिच्या तिसऱ्या बाळंतपणानंतर तिची वेणी बोटाएवढी झाली होती, ती पुन्हा भरलीच नाही. मग ती उठून नारळ घेऊन आली.

"नारळाच्या पाण्यात भिजव आळीव, चांगले फुलतात. आणि ओलं खोबरं जरा जास्त घाल," ती म्हणाली. "कुणी विचारलंच, तर खोबऱ्याचे आहेत म्हणून सांग."